तीन बिल्ल्यांची भाकरी

पगार थांबला की माणूस आधी सिगारेट सोडतो, मग घरी फोन करणं कमी करतो आणि अगदी शेवटी करदोड्याला हात घालतो. कतारमधल्या समैस्माच्या कॅम्पातल्या माणसांनी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात करदोड्याला हात घातला. पुष्पावतीला ते कळलं ते असं, की त्या सोमवारी तिच्या भाकरीच्या खिडकीत एकही नोट आली नाही. आले ते नुसते बिल्ले.

सकाळचे साडेदहा झाले होते. उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम करायला बंदी, म्हणून बांधकामावरची माणसं त्याच वेळेला सुटायची. समुद्र हाकेवर, त्यामुळे हवा अशी दमट की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी काढावा तर आणखीच जड झालेला. खिडकीच्या आत दोन शेगड्या, दोन तवे, एक परात आणि पुष्पावती. बाहेर भिंतीच्या वीतभर सावलीत पंचवीस-तीस माणसं अंग चोरून उभी होती.

"दोन भाकरी," पहिला म्हणाला आणि शर्ट वर करून करदोड्यातून सहा बिल्ले ओघळवले. दुसऱ्यानं नऊ ओघळवले. तिसऱ्यानं तर दोऱ्यात ओवलेला अख्खा सरच कट्ट्यावर ठेवला, घामानं ओला झालेला.

"आज समदी श्रीमंत झालाव की," पुष्पावती हसत म्हणाली.

"श्रीमंत कशाचं, वैनी? दोन म्हैनं झालं, कंपनीनं फुटकी कवडी दिली न्हाई. आता हायेत ती हीच."

पुष्पावतीचं हसू तिथंच विझलं. तिनं रांगेवरून नजर फिरवली. प्रत्येकाचा हात कमरेपाशी होता.

हे बिल्ले म्हणजे तिचंच कर्तृत्व. भाकरी दीड रियालला. माणूस एकेकाच्या दोन नोटा देणार आणि अर्धा रियाल परत मागणार. आता अर्ध्या रियालचं नाणं समैस्मात देवासारखं. आहे असं सगळे म्हणतात, पाहिलेलं कुणी नाही. बाकीचे दुकानदार त्या जागी च्युइंगमची गोळी टेकवतात. पुष्पावतीनंही दोन महिने गोळ्या वाटल्या. मग एके दिवशी अनंतराव गवंड्यानं गोळी परत कट्ट्यावर ठेवली. "बाई, खालचे समदे दात उदगीरला ठिवून आलोय. ह्ये कशानं चावू?" रांग हसली. पुष्पावतीही हसली, पण तिला ते लागलं. गिऱ्हाइकाचे आठ आणे आपण गोळीत गुंडाळून गिळतो, हे तिच्या मनाला पटेना.

तिचा नवरा अरुणकुमार बार्शीला एका वर्कशॉपात टर्नर होता. इथं नफिसा नावाच्या म्हाताऱ्या कतरी बाईचा ड्रायव्हर, आणि पुष्पावती तिची स्वयंपाकीण. अकरा वर्षं झाली. इकडे मालकिणीला 'मामा' म्हणतात. पहिलं वर्षभर पुष्पावतीला ती हाक मारताना तोंडाला पदर लावावा लागायचा. कुंपणाच्या भिंतीतली शिंप्याची गाळ्याएवढी खोली रिकामी झाली तेव्हा मामानंच परवाना काढून दिला, "तू रोटी बनाओ, पुष्पा," म्हणाली. तिच्या माडीवर मेजवानीच्या भाताचे जुने अॅल्युमिनियमचे थाळे पडले होते, चेपलेले, गाडीच्या चाकाएवढे. अरुणकुमारनं ड्रिलला गोल करवत लावली आणि त्यातून रुपयाएवढ्या चकत्या पाडल्या. तशा पाडताना मधोमध भोक आपोआप पडतं, त्याला इलाज नसतो.

"मामंजींच्या पेटीत भोकाचा पैसा हुता, तसाच दिसतोय की," पुष्पावती म्हणाली होती.

"लढाईत तांबं सरलं म्हून इंग्रजानं मधलं काडून घेतलं, आसं बा म्हनायचे," अरुणकुमार म्हणाला होता. "त्यानं तांब्यापायी काडलं. आपलं करवतीपायी गेलं."

त्या भोकाभोवती तिनं खिळ्यानं पाच ठिपके ठोकले. चार जवळजवळ आणि एक लांब, थापताना भाकरीवर बोटं उमटतात तसे. अर्ध्या रियालच्या जागी एक बिल्ला, तीन बिल्ल्यांची एक भाकरी. भोक होतं म्हणून माणसांनी ते करदोड्यात ओवले. बघता बघता बिल्ला पाय फुटल्यासारखा गावभर फिरू लागला. कोपऱ्यावरचा न्हावी नसरुद्दीन दाढीचे पैसे म्हणून बिल्ले घ्यायला लागला, कारण सुट्ट्यांची अडचण त्यालाही होतीच आणि कॅम्पातली माणसं ते त्याच्याकडून आनंदानं परत घेत.

आणि पुष्पावतीनं एक गोष्ट केली नाही. किती बिल्ले दिले ते तिनं कधी मोजलं नाही. तिच्या माहेरी-सासरी कुठंच भाकरी मोजत नाहीत. दुरडीतल्या भाकरी मोजल्या की बरकत उडून जाते, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. बिल्ला म्हणजे भाकरीचाच तिसरा हिस्सा. तो तरी कसा मोजायचा? शंभर असतील, हजार असतील. बाहेर आहेत ना, मग येतील हळूहळू, एवढंच तिला माहीत होतं.

ते हळूहळू येईनात. एकदम आले.

सोमवारी एक पोतं निम्मं झालं. मंगळवारी उरलेलं निम्मं. दोहाहून येणारं ज्वारीचं पीठ जुनं. त्याची विरी गेलेली. थंड पाण्यात मळलं की थापताना कडा फाटायच्या. म्हणून प्रत्येक गोळ्याला उकळतं पाणी घालायचं, हात भाजत पीठ मळायचं, मग थापायचं. एका भाकरीला मनगटाचे तीस-चाळीस झटके. तिसऱ्या परातीला पुष्पावतीचं उजवं मनगट सुजलं. तिनं त्यावर ओलं फडकं बांधलं आणि फडक्यासकट थापत राहिली. कपाळाचा घाम तव्यावर पडून चर्र व्हायचा. बाहेरची माणसं गप्प होती. पूर्वी रांगेत चेष्टा चालायची, कुणी फोनवर गाणी लावायचं. आता जो तो पुढच्याच्या कमरेकडे बघत होता, याच्याकडे किती आहेत म्हणून.

मंगळवारी दुपारी मामा स्वतः काठी टेकत खिडकीच्या मागच्या दारात आली. तिला आत बोलावायचं असलं तर ती घंटी वाजवायची. आज आली म्हणजे काहीतरी होतं.

"पुष्पा, ये शू? इतना आदमी?"

"खाना लेने आते, मामा. पगार नहीं हुआ उनका."

"मिस्कीन," मामा हळहळली. मग बाहेर बघून तिचा आवाज बदलला. "जार लोग गुस्सा. बोलता, गल्ली में बेटी लोग आता-जाता. जुम्मा तक. बाद में इधर लाइन नहीं. शबाक बंद. खलास."

शेजारपाजारचे कुरकुरत होते तर. मामाचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेजारच्या बंगल्यातल्या मुलींना गाडीतून उतरून दारापर्यंत जायला साठ माणसांसमोरून जावं लागत होतं. पुष्पावतीनं मान डोलावली. शुक्रवारनंतर खिडकी बंद. म्हणजे ज्याच्या करदोड्याला बिल्ला राहील त्याच्या करदोड्याला तो नुसता पत्रा. आणि ती पत्र्यावर पाच बोटं उठवून माणसांना फसवणारी बाई. 

"म्या तर म्हनतो आजच बंद कर," अरुणकुमार जेवताना म्हणाला. "मामानंच सांगितलं म्हनावं. आपल्यावर न्हाई येत."

"माज्या बोटांचे ठशे हायेत त्येच्यावर. मामाचे न्हाईत."

"अगं पन किती हायेत त्ये तरी ठाव हाय का तुला?"

ते तिला ठाऊक नव्हतं. अरुणकुमारनंही का कोण जाणे, पुन्हा विचारलं नाही; ताट उचलून तो मोरीकडे गेला.

बुधवारी डबा भरला. आलेले बिल्ले ती तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकत होती. तो काठोकाठ भरून वर ढीग आला. हात पुसता पुसता तिनं मूठभर उचलले आणि तिची नजर अडकली. तिचे ठिपके तिला माहीत होते. खिळा घसरायचा, एखादा ठिपका लांबडा व्हायचा, अंगठ्याचा तर कधीच जागेवर बसायचा नाही. मुठीतल्या निम्म्यांवर ठिपके कसे होते? गोल, खोल, सारख्या अंतरावर. जसं कुणी कर्कटकानं आखून ठोकले असावेत. डब्यात हात घालून तिनं ढवळलं. निम्म्याहून जास्त तसलेच.

 म्हणजे दोन दिवस मनगट सुजवून आपण चोरांच्या भाकरी थापतोय. कॅम्पात शेकडो माणसं, वेल्डर आहेत, फिटर आहेत, कुणाला जमणार नाही? तिनं मुठीतले बिल्ले रागानं डब्यात आपटले. आणि नेमका त्याच वेळी खिडकीशी अनंतराव आला.

त्याच्या हातात दोऱ्यात ओवलेले अठरा बिल्ले होते. "सा भाकरी, बाई. खोलीतली दोघं तापानं पडल्यात. त्येंच्याबी."

पुष्पावतीनं सर घेतला, ठिपके पाहिले. गोल, खोल, सारखे. अठराच्या अठरा.

"ह्ये माजे न्हाईत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

"काय म्हनता?"

"खोटे हायेत म्हनते. कुटनं पाडून आनले, अनंतराव? तुमच्याकडनं अशी आशा नव्हती."

रांगेतली माणसं पुढं झुकली. अनंतरावाचं तोंड उघडं राहिलं, खालचं बोळकं दिसत होतं. साठीचा माणूस, अंगावर चुन्याचे डाग, मानेवर घामोळं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. मागचा एक बिहारी पोरगा दुसऱ्याला काहीतरी कुजबुजला आणि दोघं हसले. अनंतरावानं सर उचलला. करदोड्याला गाठ मारायला बघितलं, ती बसेना; मग तसाच मुठीत धरून तो उन्हात चालायला लागला. सहा भाकरी मागणारा माणूस एकही न घेता गेला. पुष्पावतीनं पुढच्याला हाक मारली, पण त्या दिवशी तिची एकही भाकरी धड फुगली नाही.

रात्रभर तिला तो पाठमोरा दिसत राहिला. चोर असा जात नाही, हे तिला आतून कळत होतं. चोर भांडतो.

गुरुवारी दुपारी, मामाला जेवायला वाढून झाल्यावर, ती डोक्यावर ओढणी घेऊन नसरुद्दीनच्या दुकानाशी गेली. बाईमाणूस न्हाव्याच्या दुकानात जात नाही, म्हणून दाराबाहेरच उभी राहिली. उन्हानं चपलेतून पाय भाजत होते. नसरुद्दीन खांद्यावरचा टॉवेल झटकत बाहेर आला.

"नसरुद्दीनभाई, वो अनंतराव मिस्त्री के पास बिल्ला कहाँ से आया, मालूम?"

"हमसे, भाभीजी. हमारे दुकान का पिछला दीवार गिर रहा था. दो जुम्मा लगाके पलस्तर किए बेचारे. हम बोले पैसा अभी नहीं है, बिल्ला ले लीजिए. ले लिए."

"और आपको कौन दिया?"

नसरुद्दीन घुटमळला. टॉवेलची घडी केली, मोडली.

"कौन दिया, भाई?"

"भाईसाहब ही तो देते हैं," तो शेवटी म्हणाला. "दाढ़ी का, बाल रंगने का. सिगरेट भी हमारे यहाँ से जाता है. साल भर से. हम समझे, आपको मालूम है."

 परत येताना तिला रस्ता दिसत नव्हता. गोल, खोल, सारखे ठिपके. असं सरळ काम कॅम्पात कोण करणार? ते वर्कशॉपात पंधरा वर्षं घातलेल्या हाताचं काम होतं. तिनं ते ओळखायला पाहिजे होतं. बाईला नवऱ्याचं खोकणं भिंतीपलीकडून ओळखू येतं आणि हे आलं नाही. की ओळखायचंच नव्हतं? तिला स्वतःची शिसारी आली. आपलं पाप म्हाताऱ्याच्या पदरात टाकून मोकळे झालो.

अरुणकुमार गॅरेजमध्ये मामाची गाडी पुसत होता. केस नुकतेच रंगवलेले, कानाशी रंगाचा डाग. तिनं मुठीतला बिल्ला बॉनेटवर ठेवला.

"ह्यो कुणाचा?"

त्यानं पाहिलं. फडकं फिरवत राहिला. "आसंल कुणाचा तरी."

"आवं, माज्याकडं बगून बोला."

फडकं थांबलं. 

"किती पाडले?"

"मोजले न्हाईत," तो म्हणाला. "भाकरी मोजत न्हाईत ना आपल्यात."

तिनं त्याला मारायचं बाकी ठेवलं. "थट्टा सुचती तुमास्नी? त्या म्हाताऱ्याला म्या साठ मानसांत चोर म्हनले!"

"मंग म्या काय करू?" तो एकदम उसळला. पण लगेच आवाज खाली आला, कारण वर मामा झोपली होती. "माजा पगार बँकेत आला की गावाला जातो. घराचा हप्ता, पोराची फी. माज्या हातात काय ऱ्हातं? तू खिडकीत बसून चार मानसांना घालतीस, चार मानसं तुला वैनी म्हनत्यात. म्या दाढीलाबी तुज्याकडं हात पसरायचा? म्हनलं, थाळे पडल्यात, करवत पडलीया... दोन पाडले, चार पाडले. पैसा थोडाच हाय ग त्यो? भाकरीच तर हाय."

"भाकरी म्या थापते," पुष्पावती म्हणाली आणि फडकं बांधलेलं मनगट त्याच्या पुढं धरलं. सूज आता कोपरापर्यंत चढली होती. "तुमच्या दाढीची, तुमच्या सिगारेटीची, एकेक ह्या हातानं थापलीया. वरीसभर."

त्यानं मनगटाकडे पाहिलं. आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं बहुतेक. हळूच हात पुढं केला, पण तिनं काढून घेतला. अरुणकुमार वाईट माणूस नव्हता. तिला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकत्र येत होतं म्हणून ती जास्तच चिडत होती.

संध्याकाळी तिनं सहा भाकरी, कांदा आणि तिखटाची पुडी फडक्यात बांधली. "चला," एवढंच म्हणाली. अरुणकुमारनं मुकाट्यानं गाडी काढली. कॅम्प गावाबाहेर, मैदानापलीकडे. तिनं फाटकाशी थांबून निरोप धाडला. अनंतराव बनियनवर बाहेर आला. अरुणकुमार गाडीतून उतरला नाही.

"अनंतराव, माजं चुकलं. बिल्ले खरे हुते. ह्या भाकरी घ्या. बिल्ले नकोत मला."

त्यानं फडक्याकडे पाहिलं. गरम भाकरीचा वास सुटला होता. त्यानं आवंढा गिळला, ते तिला दिसलं. पण हात पुढं आला नाही.

"फुकट कशापायी? पलस्तर केलोय मी. दोन जुम्मे."

"मंग बिल्ले द्या आन् घ्या."

"बाई," अनंतराव सावकाश म्हणाला, "तुमी मला हितं, गाडीच्या आडाला, खरा म्हनलाव. खोटा कुटं म्हनलात? मानसांत. काल रातच्यापास्नं खोलीत मी पानी प्यालो तरी पोरं बगत्यात, म्हाताऱ्यानं ग्लास कुनाचा उचलला म्हून. मला मानसांत द्या. न्हाईतर ऱ्हावू द्या." आणि तो वळून आत गेला. भाकरी तिच्या हातात निवत गेल्या.

परतीच्या वाटेत तिनं भाकरीचं फडकं मांडीवर घट्ट धरलं. मानसांत द्या. म्हणजे रांगेसमोर सांगायचं, बिल्ले माझ्याच घरातून निघाले. कुणी पाडले ते लपणार नाही. माणसांना कळलं की आमच्या घरात वाटेल तेवढे पडतात, तर उद्या बिल्ल्याला कोण विचारील? उद्या म्हणजे शुक्रवार. शेवटचा दिवस. कदाचित खिडकी फोडतील. अरुणकुमारची तोंड दाखवायची सोय राहणार नाही. न सांगावं, तर खिडकी तशीही बंद होणारच आहे, चार दिवसांत लोक विसरतील. एक अनंतराव विसरणार नाही, बस्स. तिनं काचेतून बाहेर पाहिलं. तिला ते विसरता येणार नव्हतं.

"पीठ किती हाय?" अरुणकुमारनं घराशी आल्यावर विचारलं.

"पाव पोतं."

"दोहाला, बिन महमूदच्या दुकानात मिळंल. आत्ता जातो, आठपतुर येतो." तो थांबला. "तिकिटाचे पैसे ठिवलेत, त्ये घिऊ?"

दिवाळीला दोघं गावाला जाणार होती.  "घ्या," ती म्हणाली. "गावाला पुडल्या वर्सी जाऊ."

शुक्रवारी सकाळी सातला मामाच्या शेतावरची पिकअप कॅम्पापुढच्या मैदानात उभी राहिली. रांग गल्लीत नको म्हणजे नको ना, मग रांगेकडेच जायचं, हे पुष्पावतीनं पहाटे मामाला सांगितलं तेव्हा मामानं पिकअपची किल्ली देऊन "यल्ला, चलो" एवढंच म्हटलं होतं. मागच्या फळीवर दोन शेगड्या, सिलेंडर, परात, तीन पोती. समुद्रावरून वारा येत होता आणि शेगडी विझत होती. तेव्हा दोन सुतारांनी शटरिंगची प्लाय आणून आडवी धरली. सुट्टीचा दिवस. अख्खा कॅम्प बाहेर आला. कुणी करदोडे सोडत होतं, कुणी खिशातून काढत होतं. मागं नसरुद्दीनही प्लास्टिकची पिशवी घेऊन उभा होता. अनंतराव मात्र फाटकाच्या खांबाला टेकून होता, लांब.

अरुणकुमार फळीवर मांडी घालून पीठ मळत होता. जन्मात पहिल्यांदाच. कोपरापर्यंत पिठानं माखला होता, आधणानं बोटं लाल झाली होती. पुष्पावतीचं मनगट आता गोळाही धरत नव्हतं. तिनं डाव्या हातानं कसंबसं दाखवलं आणि तो थापायला लागला.

"लाव की वैनी नंबर," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," पुष्पावती म्हणाली.  चारशे डोळे तिच्याकडे लागले होते. "आदी ऐका. बुधवारी म्या अनंतरावांचे बिल्ले खोटे म्हनले. तुमच्यापैकी लई जनांनी ऐकलं. ते खोटे न्हवते. त्येंनी कष्टानं कमावले हुते. बिल्ले माज्याच घरातनं भाईर पडलेत. मला न सांगता पडले, पन माज्याच घरातनं."

"कुनी पाडले?" मागून एकानं विचारलं.

तिनं परातीकडे पाहिलं. एवढंच तिच्या तोंडून निघेना. वारा प्लायवर आपटत होता.

"म्या," अरुणकुमार म्हणाला. मान खाली, हात परातीत. "म्या पाडले. दाढीला आन् सिगारेटीला."

कुजबूज उठली. एक जण हसला, एकानं शिवी दिली. मग एक बिदरकडचा उंच माणूस पुढं आला. "मंग आता हे चालत्यात का न्हाई? त्ये सांगा. का समदाच पत्रा?"

"ज्येच्यावर पाच ठिपके हायेत त्यो चालतो," पुष्पावती म्हणाली. "कुनी का ठोकलेला आसंना. आज, उद्या, सरतील तवर. पीठ सरलं तर आनू. फकस्त पैली भाकरी अनंतरावांची. त्येंच्या आदी कुनाला न्हाई."

सगळी माणसं खांबाकडे वळली. अनंतराव जागचा हलला नाही. तेवढ्यात तिच्या मनात येऊन गेलं, की हा आता तोंड फिरवून आत जाईल आणि आपण इथं दोनशे माणसांत भाकरी हातात घेऊन उभ्या राहू. मग त्यानं बनियन खाली ओढलं आणि तो आला. माणसांनी वाट दिली. त्यानं दोऱ्यातून तीन बिल्ले काढले, एकेक करून फळीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"एक भाकरी."

तव्यावर एकच तयार होती, अरुणकुमारनं थापलेली. कडा नकाशासारख्या, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पुष्पावतीनं ती त्याच्या हातात दिली. अनंतराव तिथंच फळीला टेकून उभा राहिला. भाकरी मोडली, घास घेतला, वरच्या दातांनी आणि खालच्या हिरडीनं सावकाश चघळला. दोनशे माणसं त्याचं तोंड बघत होती. अरुणकुमारनं मान वर केली नव्हती.

अनंतरावानं घास गिळला. मग मोडलेली भाकरी फिरवून बघितली, मधल्या जाड भागाला बोटानं दाबलं आणि ती फळीवर परत ठेवली.

"मधी कच्ची हाय," तो म्हणाला, पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकासारखा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "बदलून द्या."

पुष्पावतीच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. तिनं ती भाकरी मागं सारली आणि डाव्या हातानं दुसरी तव्यावर टाकली.